कुत्र्याची खाज : तिचीं कारणें व उपाय

आमच्या बोर्डिंगांत मोती नांवाचा एक कुत्रा आहे, हें या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहेच. अंगानें तांबूस, चारी पाय पांढरे, जातीनें अस्सल देशी. उन्हाळ्यांत रात्रीं फाटकापाशीं निजतो व सकाळची घंटा झाली कीं ओट्यावर येऊन बसतो. गेल्या पावसाळ्यांत या मोतीची जी अवस्था झाली व त्या निमित्तानें आम्हांस जें शिकावें लागलें, तें या अंकांत थोडें विस्तारानें सांगावें असा विचार आहे. कुत्र्याच्या खाजेसारखा क्षुद्र विषय वार्षिक अंकांत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु त्या खाजेपायीं एका मुक्या जनावरास घर सोडावें लागण्याची वेळ आली होती, आणि त्यांत आमची स्वतःची चूक लहानसहान नव्हती.

श्रावण लागला तसा मोती वारंवार मागें वळून शेपटीचें मूळ चावूं लागला. आठ-दहा दिवसांत कमरेवरचे केस गेले, कातडी लाल झाली, जागोजाग खपल्या धरल्या व अंगास एक प्रकारचा कुबट वास येऊं लागला. मुलांनीं एका तोंडानें निकाल दिला कीं लूत लागली. लूत म्हटली म्हणजे आपल्याकडे पुढचें ठरलेलेंच असतें: कुत्र्यास पोत्यांत घालावयाचें आणि नदीपलीकडे नेऊन सोडावयाचें. बोर्डिंगच्या व्यवस्थापकांनींही तोच बेत केला. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. इतक्या मुलांच्या प्रकृतीची जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे, त्यानें नुसत्या संशयानेंही घाबरावें हें स्वाभाविक आहे. आम्हीं त्यांजपाशीं एक महिन्याची मुदत मागितली, व ती त्यांनीं दिली.

मुदत मिळाली खरी, पण तिचा पहिला आठवडा आम्हीं वाया घालविला. वाया म्हणण्यापेक्षां उलटा घालविला म्हणावें. गांवांतील एका मोटार दुरुस्त करणाऱ्या गृहस्थानें खात्रीचा म्हणून उपाय सांगितला कीं, गाडींतून काढलेल्या जळक्या तेलांत गंधक कालवून तें कुत्र्याच्या अंगाला फांसावें. हा उपाय खेडोपाडीं सर्वांस माहीत आहे. आम्ही शिकलेले, विज्ञान शिकविणारे. तरी तें तेल आम्हींच कुंचल्यानें मोतीच्या पाठीस लावलें. तो रात्रभर अंग चाटीत बसला. सकाळीं त्यास ओकाऱ्या सुरू झाल्या, अन्नावरची वासना गेली, व जेथें तेल लागलें होतें तेथील कातडी भाजल्यासारखी झाली. मग मात्र आम्ही त्यास रिक्षांत घालून जनावरांच्या दवाखान्यांत घेऊन गेलों.

तेथील डॉक्टरीणबाई वयानें लहान, बहुधा आमच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनीं आधीं पोटांत गेलेल्या तेलासंबंधीं जें करावयाचें तें केलें, अंग सौम्य साबणानें दोनदां धुवविलें, आणि मग आमच्याकडे वळून शांतपणें विचारलें, “सर, औषध लावलंत, पण कोणत्या रोगावर लावलंत?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें आम्हांस जें कांहीं कळलें, तें सर्व या एका प्रश्नापासून सुरू झालें.

खाज हा रोग नव्हे. ती खूण आहे. मनुष्यास ताप आला म्हणजे तो हिवतापाचा, विषमज्वराचा कीं नुसत्या पडशाचा, हें पाहिल्याखेरीज सुज्ञ वैद्य औषध देत नाहीं. कुत्र्याच्या खाजेचेंही तसेंच आहे. पिसवा, लूत, गजकर्ण, कातडीवर वाढणारे जंतू, अन्नाचें वावडें, हवेंतील धुळीचें वावडें, हीं सर्व कारणें एकाच खुणेनें प्रगट होतात, व पुष्कळदां दोन-तीन कारणें एकाच अंगावर एकत्र नांदत असतात. म्हणून जाणता पशुवैद्य क्रमाक्रमानें एकेक कारण वगळीत जातो. हें काम सावकाशीचें आहे, व मालकाचा धीर सुटतो तो येथेंच.

पहिला मान पिसवांचा. बाईंनीं बारीक दातांची फणी घेऊन मोतीच्या कमरेवरून फिरविली. फणींत दोनच पिसवा सांपडल्या. परंतु काळे बारीक कण मात्र पुष्कळ निघाले. ते त्यांनीं पांढऱ्या ओल्या कागदावर टाकले, आणि थोड्याच वेळांत प्रत्येक कणाभोंवतीं तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा. पिसू रक्तावर जगते, म्हणून तिची विष्ठा म्हणजे वाळलेलें रक्तच होय. साधी माती असती तर कागद तांबडा झाला नसता. ही परीक्षा कोणासही घरीं करतां येण्यासारखी आहे, व आमच्या विद्यार्थ्यांनीं ती अवश्य करून पाहावी.

दोन पिसवांनीं एवढा अनर्थ कसा केला, अशी शंका आम्हांस आली, ती वाचकांसही येईल. याचें कारण असें कीं, कित्येक कुत्र्यांस पिसवेच्या चाव्यापेक्षां तिच्या लाळेचें वावडें असतें. ज्यास वावडें नाहीं त्याच्या अंगावर शंभर पिसवा असल्या तरी तो अधूनमधून पाय झाडून गप्प बसतो. ज्यास आहे त्यास थोडेसे चावे झाले तरी तो कित्येक दिवस स्वतःस ओरबाडीत राहतो. शिवाय असा कुत्रा अंग सारखें चावीत व चाटीत असल्यामुळें पिसवा गिळून टाकतो, आणि मालक म्हणतो, ‘आमच्या कुत्र्याच्या अंगावर एक पिसू दाखवा!’ कमरेचा मागला भाग, शेपटीचें मूळ व मांड्यांची मागली बाजू येथेंच मुख्यत्वें खाज असली, तर पिसू दिसो वा न दिसो, पहिला संशय तिचाच घ्यावा.

पिसवेचें सगळें बळ तिच्या संसारांत आहे. कुत्र्याच्या अंगावर राहते ती फक्त वाढलेली पिसू. मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडीं घालते, पण तीं अंगावर न ठरतां जेथें कुत्रा निजतो तेथें गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून फरशीच्या भेगांत, चटईखालीं, गोणपाटांत शिरतात व तेथें पडलेल्या वाळक्या विष्ठेवर पोसतात. मग त्या कोश विणतात, आणि कोशांत कित्येक महिने निवांत पडून राहूं शकतात. जवळून जनावर किंवा माणूस गेलें, जमीन हादरली, ऊब व श्वासाची हवा लागली, कीं आंतली पिसू क्षणांत बाहेर उडी घेते. उन्हाळ्याची सुटी संपून बोर्डिंग उघडलें कीं पहिल्याच रात्रीं मुलांच्या पोटऱ्यांस चावे कां निघतात, हें कोडें आम्हांस इतकीं वर्षें सुटलें नव्हतें. बंद खोलींत कोश वाट पाहात असतात, हें त्याचें उत्तर. पिसवांच्या एकंदर संख्येपैकीं कुत्र्याच्या अंगावर सांपडतो तो अगदीं थोडा अंश. बाकीच्या सर्व घरांत असतात. म्हणून कुत्र्यास एकदां न्हाऊं घालून पिसवा गेल्या असें समजणें हें झाडाचीं पानें तोडून मुळें राखण्यासारखें आहे.

पावसाळ्यांत हा उपद्रव वाढतो, कारण अळीस दमट हवा लागते. कोरड्या हवेंत ती वाळून मरते. उपायही याच ज्ञानावर उभा आहे. कुत्र्यास पशुवैद्याच्या सल्ल्यानें पिसवा मारणारें औषध निदान तीन महिने खंड न पडूं देतां द्यावें, म्हणजे कोशांतून नवी निघणारी प्रत्येक पिसू अंडीं घालण्यापूर्वींच मरते. घरांत जितकीं कुत्रीं-मांजरें असतील तितक्यांस एकाच वेळीं द्यावें. अंथरूण गरम पाण्यांत धुऊन कडक उन्हांत घालावें, भेगा झाडाव्या, आणि झाडलेला केर आवारांत न टाकतां जाळावा. सन २०१३-१४ पासून अमेरिकेंत व युरोपांत पोटांत देण्याच्या अशा गोळ्या निघाल्या कीं, कांहींची एक मात्रा महिनाभर, तर कांहींची सुमारें बारा आठवडे पुरते. त्या आतां आपल्याकडेही मिळतात. ज्या कुत्र्यास फेफरें येतें त्याच्या मालकानें मात्र तें डॉक्टरांस आधीं सांगितलें पाहिजे. आणखी एक सूचना मांजरें पाळणारांकरितां: कुत्र्याच्या मानेवर घालण्याच्या कित्येक थेंबांत परमेथ्रिन नांवाचें द्रव्य असतें. कुत्र्यास तें सोसतें. मांजर मात्र त्यानें झटके येऊन मरूं शकतें. आमच्या स्वयंपाकघरांतील मांजरी मोतीच्या अंगास टेकून निजते, हें बाईंनीं विचारून घेतलें तेव्हां आम्हांस त्यांच्या दक्षतेचें मोठें नवल वाटलें.

आतां लुतेविषयीं. लोक ज्यास सरसकट लूत म्हणतात ते वस्तुतः दोन निराळे रोग आहेत, व त्यांचे स्वभाव अगदीं उलट आहेत. दोन्ही डोळ्यांस सहसा न दिसणाऱ्या अष्टपाद किड्यांपासून होतात. पहिल्या लुतेचा किडा सार्कोप्टिस. माणसाच्या खरजेचा किडा त्याचा सख्खा भाऊबंद. तो कातडींत बोगदे पाडतो. कानांच्या कडा, कोपरें, मागल्या पायांचे घोटे व पोट येथें तिची सुरुवात होते, आणि खाज इतकी असह्य कीं कुत्रा खाणें-निजणें विसरतो. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली असतां मागला पाय आपोआप खाजविल्यासारखा हालूं लागला, तर या लुतेचा संशय बळावतो. ही लूत एका कुत्र्यापासून दुसऱ्यास लागते, व जवळ घेऊन बसणाऱ्या माणसासही हातांवर, पोटावर पुरळ उठवते. तथापि कुत्र्याचा किडा माणसाच्या अंगावर वंश वाढवूं शकत नाहीं. कुत्रा बरा झाला कीं माणसाची खाज कांहीं आठवड्यांत निघून जाते. तेव्हां व्यवस्थापकांची भीति अगदींच निराधार नव्हती, एवढें आम्ही कबूल करतों. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात, परंतु हा किडा पुष्कळदां हाताला लागत नाहीं. म्हणून खुणा जुळल्या तर डॉक्टर किडा न सांपडतांही औषध देऊन पाहतात.

दुसऱ्या लुतेचा किडा डेमोडेक्स. तो केसाच्या मुळाशीं राहतो व बहुतेक सर्व निरोगी कुत्र्यांच्या अंगावर थोडाफार असतोच. जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं दिवसांत आईपासून पिल्लाकडे येतो. पिल्लाची प्रतिकारशक्ति कमी पडली म्हणजे तो फार वाढतो. डोळ्यांभोंवतीं, ओठांपाशीं, पुढल्या पायांवर केसांचे गोल चट्टे उडतात. खाज मात्र आरंभीं थोडी किंवा मुळींच नसते. ही लूत माणसास लागत नाहीं, व एकत्र राहणाऱ्या मोठ्या कुत्र्यांसही लागत नाहीं. पिल्लाच्या अंगावर दोन-चारच चट्टे असले तर ते बहुधा आपोआप भरून येतात. असें असतां रस्त्यावरच्या अशा किती पिल्लांस लोकांनीं दगड मारून हांकलून दिलें असेल, याचा हिशेब कोण ठेवणार! कित्येक ठिकाणीं तर केस गेलेल्या कुत्र्यास पिसाळलेला समजतात. पिसाळणें हा मेंदूचा रोग. त्याचा केस झडण्याशीं कांहीं संबंध नाहीं.

पूर्वीं या दोन्ही लुतांवर गंधक वापरीत, व गंधकाचा गुण खोटा नव्हे. चुना व गंधक यांचें पातळ पाणी पशुवैद्य आजही कोठें कोठें वापरतात. त्या मोटारवाल्या गृहस्थाच्या औषधांत औषधी होता तो गंधक, आणि विष होतें तें तेल. घासलेट, फिनेल व डांबरगोळ्यांची पूड यांचीही तीच गोष्ट. कुत्र्याची कातडी माणसापेक्षां पातळ असते, आणि लावलेली प्रत्येक वस्तु तो चाटून पोटांत घेतो, हें एक लक्षांत ठेवलें तरी निम्मे घरगुती उपाय आपोआप बाद होतात. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानें न्हाऊं घातलें तर अपाय नाहीं, पण तेवढ्यानें पिसवांचा संसार मोडत नाहीं. पिसवा जाव्या म्हणून लसूण खाऊं घालणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. लसूण व कांदा यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात.

येथेंच आयव्हरमेक्टिन या औषधाविषयीं सांगितलें पाहिजे. लुतेवर तें गुणकारी आहे व स्वस्त आहे, म्हणून गुरांसाठीं आणलेली बाटली कुत्र्यास टोंचण्याचा प्रघात पडला आहे. परंतु कोली व तत्सम मेंढरें राखणाऱ्या कांहीं जातींत एक आनुवंशिक दोष असतो. त्यामुळें तें औषध मेंदूंत शिरतें, व जनावर आंधळें होतें, बेशुद्ध पडतें, मरतेंही. हा दोष नेमका कोठें आहे तें २००१ सालीं अमेरिकेंत उमगलें. संकर झालेल्या कुत्र्याच्या रक्तांत कोणती जात आहे हें मालकास ठाऊक नसतें, तेव्हां माप चुकवून चालत नाहीं.

पिसवा व लूत यांची वासलात लागली, तरी खाज उरली तर मग खऱ्या वावड्याकडे वळावें. वावडें म्हणजे काय, हें शोधतांना शास्त्रज्ञांस वाट दाखविली ती कुत्र्यांनींच, व तीही प्राण देऊन. फ्रान्समधील शार्ल रिशे व पॉल पोर्तिए हे दोघे समुद्रपुष्प नांवाच्या सागरी प्राण्याच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर करीत होते. विष थोडथोडें टोंचीत गेल्यास कुत्रा त्यास सरावेल अशी त्यांची अपेक्षा. नेपच्यून नांवाच्या धडधाकट कुत्र्यास पहिली मात्रा सहज सोसली. सुमारें तीन आठवड्यांनीं तीच अल्प मात्रा पुनः दिली, तों तो अर्ध्या तासाच्या आंत मेला. शरीर सरावण्याऐवजीं अधिकच हळवें झालें होतें. ही गोष्ट त्यांनीं १९०२ सालीं प्रसिद्ध केली, व १९१३ सालीं रिशे यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९०६ सालीं व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के या बालवैद्यानें अशा बदललेल्या वागणुकीस ‘ॲलर्जी’ हें नांव दिलें. आपल्या घरांतील बायका ‘याला वांग्याचें वावडें आहे’ म्हणतात, तो शब्द आम्हांस त्याहून सोपा वाटतो.

शरीरांत परका पदार्थ शिरला कीं त्यास अडविणारे पहारेकरी असतात. वावडें असणाऱ्या शरीरांत हे पहारेकरी निरुपद्रवी पाहुण्यासही चोर समजतात व सगळें घर जागें करतात. कुत्र्याच्या बाबतींत हा पाहुणा बहुतेक कातडीवाटे येतो. गवताचे व झाडांचे पराग, बुरशीचे कण, आणि सर्वांत मुख्य म्हणजे घरांतील धुळींत राहणारे सूक्ष्म किडे. धुळीच्या वावड्याचें मूळ या किड्यांत आहे, हें हॉलंडांतील लायडन येथें १९६४ सालीं दाखविण्यांत आलें. ते आपल्या अंगावरून गळणाऱ्या कोंड्यावर जगतात. जुन्या गाद्या, उशा, गोधड्या यांत त्यांची वस्ती असते. असें वावडें बहुधा सहा महिने ते तीन वर्षें या वयांत प्रथम दिसतें. पंजे, तोंड, कान, काखा व पोट हीं त्याचीं ठिकाणें. कुत्रा पंजे इतके चाटतो कीं पांढरे केस लाळेनें गंजल्यासारखे तांबडे होतात. पुनःपुनः कान चिघळणें हीही त्याचीच खूण असते, व पुष्कळ मालक वर्षानुवर्षें नुसते कानांत थेंब घालीत बसतात.

मोतीचे चारी पाय पांढरे, हें आम्हीं आरंभींच सांगितलें आहे. पिसवांच्या औषधानंतर सहा आठवड्यांत त्याच्या कमरेवर नवे केस आले, पण पुढले पंजे मात्र तांबडे ते तांबडेच. तेव्हां बाईंनीं अन्नाची परीक्षा करण्यास सांगितलें. ज्या कुत्र्यांस अन्नाचें वावडें असतें त्यांत गोमांस, दूध, कोंबडी व गहूं हे पदार्थ अधिक आढळले आहेत. आपल्याकडे कुत्रा म्हटला कीं दूध-पोळी. म्हणजे या चारांतील दोन पदार्थ एकाच ताटलींत! तथापि यावरून दूध-पोळीच सर्व खाजेचें मूळ आहे, असें कोणी समजूं नये; अन्नाचें वावडें असणारे कुत्रे एकंदरींत थोडेच. रक्त तपासून तें खात्रीनें कळत नाहीं. जें अन्न कुत्र्यानें पूर्वीं कधीं खाल्लें नाहीं असेंच त्यास आठ आठवडे द्यावें, व त्या काळांत दुसरा एक घासही देऊं नये, हीच परीक्षा. खाज थांबली तर जुनें अन्न पुनः सुरू करून पाहावें. साधारण दोन आठवड्यांत ती परतली तर वावडें सिद्ध झालें. मोतीस मासळी व उकडलेला बटाटा ठरविला. पांचव्या आठवड्यांत पांचवींतील एका मुलानें त्यास दया येऊन बिस्किटाचा अख्खा पुडा चारला, आणि आमची मोजणी पुनः पहिल्या दिवसापासून सुरू झाली. मुलानें आपण होऊन येऊन सांगितलें, म्हणून त्यास शिक्षा केली नाहीं. अखेर आठ आठवडे पुरे झाले, पंजे तसेच राहिले, व अन्न निर्दोष ठरलें.

उरली ती धूळ. पावसाळ्यांत मोती निजतो कोठें, हें बाईंनीं विचारलें. तो निजत होता बोर्डिंगच्या जुन्या गाद्यांच्या कोठडींत, गाद्यांच्या ढिगावर! त्या दिवसापासून त्याची पथारी बाहेरच्या पडवींत लाकडी फळीवर आली. तिच्यावर पातळ सतरंजी, दर आठवड्यास कढत पाण्यानें धुतलेली.

वावड्याच्या कातडीवर पुढें जंतू व एक प्रकारचें यीस्ट माजतें. मोतीस येणारा कुबट वास त्याचाच होता. अशी कातडी फार दिवस राहिली तर जाड, काळी, हत्तीच्या कातडीसारखी होते. यावर औषधी शांपूनें स्नान हा चांगला उपाय आहे. क्लोरहेक्सिडिन असलेला शांपू पुष्कळदां देतात. पाणी कोमट असावें, कढत नसावें. फेंस अंगावर दहा मिनिटें राहूं द्यावा, नाहीं तर गुण येत नाहीं; नंतर तो अगदीं निपटून धुवावा व बोटांमधील जागा कोरडी करावी. माणसाचा साबण कुत्र्याच्या कातडीस मानवत नाहीं, कारण दोघांच्या कातडीची आम्लता निराळी. मोतीचीं हीं दहा मिनिटें दोन मुलें घड्याळ धरून मोजीत, व तो तेवढा वेळ आमच्याकडे असा पाहात असे कीं जणूं तेलाचा तो दिवस तो विसरलेला नाहीं.

औषधांविषयीं दोन शब्द. पुष्कळ लोक माणसांची सिट्रिझीनची गोळी देतात. कुत्र्याच्या खाजेवर तिचा उपयोग बेताचाच, कारण त्याची खाज हिस्टामिनपेक्षां इंटरल्यूकिन-३१ नांवाच्या निरोप्यामुळें अधिक होते. याच निरोप्यास अडविणारीं नवीं औषधें निघालीं आहेत. ऑक्लासिटिनिब नांवाच्या गोळीस अमेरिकेंत २०१३ सालीं संमति मिळाली, आणि लोकिव्हेटमॅब हें टोंचून देण्याचें औषध त्यानंतर कांहीं वर्षांनीं आलें. तीं गुणकारी आहेत, पण खर्चाचीं आहेत, व वावडें मुळापासून काढीत नाहींत. स्टेरॉइड स्वस्त असून एका दिवसांत खाज थांबवितें; त्याचें सगळें आकर्षण यांतच आहे, व धोकाही यांतच. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं थोडे दिवस दिलें तर तें उपकारक आहे. मालकानें आपल्या मनानें औषधांच्या दुकानांतून आणून महिनोन्महिने दिलें तर कुत्र्याची तहान-भूक वाढते, लघवी आवरत नाहीं, पोट सुटतें; डेमोडेक्सची लूत असली तर ती भडकते; आणि एकदम बंद केलें तर जनावर खचतें. माणसांचीं खाजेचीं मलमें चोळणारांनीं तर हें दुप्पट लक्षांत ठेवावें, कारण मलम कातडीवर राहत नाहीं, जिभेवर जातें. याशिवाय ज्याचें वावडें आहे त्याच पदार्थाच्या अति सूक्ष्म मात्रा टोंचून शरीरास हळूहळू सरावविण्याची एक पद्धत आहे. तिला कित्येक महिने लागतात, व सर्वांस गुण येतोच असें नाहीं. परंतु मूळ वावड्यावर चालणारी तीच एक पद्धत होय.

पशुवैद्याकडे जाण्यापूर्वीं मालकानें खाज केव्हां सुरू झाली, बारमास आहे कीं ऋतूपुरती, प्रथम कोठें दिसली, घरांत आणखी कोणास पुरळ आहे काय, कुत्रा काय खातो व कोठें निजतो, आणि त्यास आजवर काय काय लावलें, हें कागदावर टिपून न्यावें. यांतील शेवटची बाब सांगण्यास आम्हांस स्वतःस बरीच लाज वाटली होती. पण ती न सांगितली असती तर मोतीच्या ओकाऱ्यांचें कारण शोधण्यांतच दिवस गेला असता.

महिन्याची मुदत संपली तेव्हां व्यवस्थापकांनीं मोतीस ओट्यावर बोलावून त्याची पाठ हातानें चांचपून पाहिली. त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं. पोतें मात्र परत कोठारांत गेलें. आतां दर शनिवारीं दुपारीं सातवींतील दोघे विद्यार्थी फणी व ओला कागद घेऊन बसतात, व वहींत तारखेसह नोंद करतात. गेल्या मार्गशीर्षापासून कागद पांढराच निघत आहे. मोतीचें धुळीचें वावडें मात्र गेलेलें नाहीं, व तें जन्मभर राहील असें बाई सांगतात. पाऊस लागला कीं त्याचे पंजे पुनः तांबूस होऊं लागतात, मग आम्ही सतरंजी धुण्याचे वार वाढवितों आणि शांपूची बाटली काढतों.